चित्राची पाठ

चित्र भिंतीवरून उतरवताना उत्तराच्या मनात एवढाच विचार होता, की बबल रॅप पुरेल की नाही. रीटा वादळ गल्फमधून वर सरकत होतं, टीव्हीवरचा तो पांढरा भोवरा सकाळपासून ह्यूस्टनकडे तोंड करून बसला होता आणि ह्यूस्टनच्या कडेचं अख्खं शुगर लँड गाड्यांमध्ये सामान भरत होतं. नवरा, यशोधन, कंपनीच्या कामाला टल्साला गेलेला. घर ज्यांचं, त्या डॉक्टर मोकाशींना हॉस्पिटल सोडता येत नव्हतं. हृदयाचे पेशंट हलवता येत नाहीत, ज्यांनी थांबायचं त्यांच्यात त्यांचं नाव होतं. त्यांनी उत्तराला फोन केला आणि सांगितलं, सुमित्राला घेऊन ऑस्टिनला जा, आणि ते चित्र घे. बाकी घर वाहून गेलं तरी चालेल. म्हणून ती आली होती. डायनिंग टेबलवर टॉवेल अंथरून तिनं चित्र पालथं ठेवलं, म्युझियममध्ये ठेवतात तसं, आणि तिचा हात थांबला. दहा वर्षं ती या घरात येत होती. जेवताना समोर हे चित्र असायचं: खिडकीपाशी बसून मासे साफ करणारी एक डच बाई, बाह्या वर सारलेल्या, हातावर थंड पाण्याची लाली. चित्राची पाठ मात्र तिनं कधी पाहिली नव्हती. ओकची काळपट फळी, कडेला लाल लाखेची मोहोर, लंडनच्या कुठल्याशा दुकानाचं फाटकं लेबल, खडूची एक रेघ. आणि खाली उजव्या कोपऱ्यात काळ्या रंगात, स्टेन्सिलनं उठवलेली अक्षरं आणि आकडे. वर्षानुवर्षं ओळखीच्या असलेल्या माणसाच्या उघड्या पाठीवर अचानक वळ दिसावेत, तसं तिला झालं. ही अक्षरं तिनं आधी पाहिली होती. तिचं कामच ते होतं. म्युझियमच्या तळघरातल्या एका खोलीत बसून ती चित्रांच्या मालकीचा माग काढायची, कुणाकडून कुणाकडे गेलं, आणि मुख्य म्हणजे १९३३ ते ४५ मध्ये ते कुणाच्या भिंतीवर होतं. व्हिएन्नात ज्यू घरांमधून उचलून आणलेल्या वस्तू ज्या कोठारात ठेवत, तिथे त्यांच्या पाठीवर अशी अक्षरं उठवत. मागे खुर्चीत डॉक्टरांच्या पत्नी, सुमित्राकाकू, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. "झालं का गं?" त्यांनी विचारलं. कुठे जायचंय ते त्यांना माहीत नव्हतं. झालं, असं उत्तरा म्हणाली आणि तिनं चित्र गुंडाळलं.

ऑस्टिनच्या रस्त्यावर गाड्या उभ्या होत्या. हलत होत्या असं म्हणणं धाडसाचं झालं असतं. पेट्रोल संपेल म्हणून तिनं एसी बंद केला होता, काचा खाली होत्या आणि बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम होती. कडेला लोक गाड्यांची दारं उघडून बसले होते. एका पिकअपमध्ये मागे गादी टाकून म्हाताऱ्या माणसाला झोपवलं होतं आणि त्याच्यावर कुणीतरी पुठ्ठ्यानं वारा घालत होतं. लोकांनी काय काय आणलं होतं. वॉशिंग मशीन. लग्नाचा अल्बम हातात धरून बसलेली एक मुलगी. पक्ष्याचा पिंजरा. काकू मागच्या सीटवर, शेजारी सीटबेल्ट लावलेलं चित्र. त्यांचा हात बबल रॅपवर होता आणि अधूनमधून त्या एकेक फुगा फोडत होत्या. उत्तराला तो आवाज मानेत टोचत होता. ती स्वतःशी चित्राच्या मालकांची उजळणी करू लागली, नुसती डोकं ताळ्यावर राहावं म्हणून, लहानपणी पाढे म्हणायची तशी. मोहोर फ्रेंच सरदाराची वाटत होती, म्हणजे हॉलंडचा कुणी व्यापारी मेला किंवा बुडाला आणि चित्र पॅरिसला गेलं. मग क्रांती झाली, सरदारांच्या माना गेल्या आणि त्यांची चित्रं बोटीत भरून लंडनला आली. तिथल्या दलालांनी म्हणे इतकी चित्रं एकदम कधीच पाहिली नव्हती. मग लंडनच्या कुणा लॉर्डला जुगारानं खाल्लं. मग व्हिएन्ना. युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहांचा इतिहास शिकताना तिला बडोद्याला वाटायचं, की ही आवडीनिवडीची, डोळसपणाची, रसिकतेची गोष्ट आहे. सरांनी वर्गात स्लाइड लावली की पडदा सोन्यासारखा उजळायचा. इथे नोकरीला लागल्यावर तिला पहिल्याच आठवड्यात कळलं, की चित्र जागचं हलतं ते कुणाचं तरी काहीतरी मोडतं तेव्हाच. सुखी माणसाच्या घरातलं चित्र भिंतीवरच राहतं. तिच्या कामात तिला सुखी माणसं भेटतच नसत, भेटायची ती फक्त दोन मालकांच्या मधली जागा. आणि मग, कारण नसताना, तिला नागपूरचं एक लग्न आठवलं. आई जाऊन वर्ष व्हायचं होतं. मांडवात धाकटी मावशी समोरून आली ती आईची तपकिरी महेश्वरी नेसून. साडी चांगलीच दिसत होती तिला. कुणाचं काही चुकलं नव्हतं, बाबांनीच वाटून टाकल्या होत्या साड्या. पण उत्तराला जेवण गेलं नाही. मावशी वाढायला वाकली की पदराची ती किनार डोळ्यांसमोर यायची आणि तिला वाटायचं, हिला ओरडून सांगावं, काढ. "पाणी," काकू मागून म्हणाल्या. तिनं बाटली मागे दिली. काकूंनी ती आधी चित्राजवळ नेली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली, पाहुण्याला आधी विचारावं तशी.

वादळ पूर्वेला वळलं. शुगर लँडमध्ये चार फांद्या पडल्या. ज्या वादळाला घाबरून पळाले त्याच्यापेक्षा पळण्यानंच माणसं जास्त मेली असं पेपरात आलं, आणि चित्र परत त्याच खिळ्यावर गेलं. उत्तरानं मात्र पाठीचे फोटो काढून ठेवले होते. कामावर ती चारचौघांसारखी कॉफी घेऊन बसली आणि शोध सुरू केला, आणि तिला भीती होती त्यापेक्षा फार लवकर सापडलं. युद्धानंतर हरवलेल्या चित्रांची जी नोंद लोकांनी केली होती, तिच्यात जुना काळापांढरा फोटो होता: व्हिएन्नातली एक बैठकीची खोली, पियानो आणि पियानोच्या वर ती बाई, बाह्या वर सारून मासे साफ करणारी. खाली नोंद करणारीचं नाव होतं, एल्सा फाल्क. पत्ता न्यू जर्सीचा, हायलंड पार्क. एडिसनच्या शेजारी. यशोधनची बहीण राहते तिथून पंधरा मिनिटं. तिला हसू आलं. संध्याकाळी तिनं यशोधनला सांगितलं. त्यानं टीव्ही म्यूट केला. तो वाईट माणूस नव्हता, तो फक्त एका गोष्टीला घाबरायचा, आणि ती म्हणजे २००१चा डिसेंबर. तेव्हा त्याची कंपनी एका महिन्यात जमीनदोस्त झाली होती, व्हिसा लटकला होता, अपार्टमेंट सोडावं लागलं होतं, आणि डॉक्टर मोकाशींनी काही न विचारता त्यांना वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या होत्या. त्याच हिवाळ्यात उत्तराचं बाळ पोटातच पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हा काकूंचं डोकं शाबूत होतं. काकूंनी तिला न्हाऊ घातलं होतं. एक शब्द न बोलता तिच्या पोटाला तेल लावलं होतं, रोज, आणि रोज स्वतः तिच्यासमोर बसून तिला भात भरवला होता. यशोधन म्हणाला, त्यांनी लिलावात रीतसर घेतलंय ना ते? चोरलं नाही ना त्यांनी? मग तू कोण? शेवटी तो म्हणाला, "काकू गेल्यावर कर काय करायचं ते."

डॉक्टरांना तिनं दिवाळीत सांगितलं, म्हणजे सांगायचं नव्हतं, पण ते चिवड्याची बशी घेऊन तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, तू चित्राकडे बघायची बंद झालीस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पेशंटची हिस्टरी ऐकतात तसं, मध्ये न बोलता. मग त्यांनी तिला काकूंकडे बघायला सांगितलं. काकू त्यांच्या खुर्चीत होत्या, चित्रासमोर. संध्याकाळ झाली की अल्झायमरच्या माणसांचा जीव कासावीस होतो, घर आपलं वाटत नाही, दार उघडून निघतात. काकूंचं तसं वर्षभर झालं होतं. दोनदा पोलिसांनी आणून सोडलं. मग एके दिवशी डॉक्टरांनी त्यांची खुर्ची चित्रापुढे ठेवली आणि त्या बसल्या. वेंगुर्ल्याच्या माणसाला मासे साफ करणारी बाई परकी कशी वाटेल, ते म्हणायचे. काकू तिच्याशी बोलत, तिला काही काही विचारत. "ही एकच गोष्ट तिला धरून आहे," डॉक्टर म्हणाले. "मी नाही म्हणत नाही, उत्तरा. ज्याचं त्याला जायला हवं, आय नो दॅट. पण ती आहे तोवर थांब. किती दिवस राहिलेत?" उत्तरानं मान हलवली. घरी येताना गाडीत तिनं हिशेब करू नये असं ठरवलं आणि तरी तो झाला. एल्सा फाल्कची जन्मतारीख तिनं पाहिली होती. दोन म्हाताऱ्या बायका, आणि मध्ये ती. जिच्या आधी दुसरी मरेल तिचं चित्र.

हिवाळा तिनं काढला. कामावर ती दुसऱ्यांच्या चित्रांचे माग काढत होती आणि सहकाऱ्यांच्या मीटिंगमध्ये मोठ्या तावातावानं बोलत होती, की जिवंत वारसाला पहिल्या दिवशी कळवलं पाहिजे. बोलताना स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचा. रविवारी ती काकूंना भेटायला जायची, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची, काकूंचा हात हातात घ्यायची आणि त्या हाताखाली, त्वचेखाली, हाडं हलकी होताहेत का ते नकळत चाचपायची. एकदा हे तिच्या लक्षात आलं. त्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मार्चमध्ये एडिसनला यशोधनच्या भाचीच्या नृत्याचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. ती एकटीच गेली, आणि दुसऱ्या दिवशी ओक ट्री रोडवर साड्या बघायला जाते असं नणंदेला सांगून टॅक्सीनं हायलंड पार्कला उतरली. तिनं फोन केला होता. फोनवर तिनं एवढंच सांगितलं होतं, की तुमच्या चित्राबद्दल काही कळलंय. पलीकडून जराही न थांबता विचारलं गेलं होतं, "कुठलं? मासेवाली?"

एल्सा फाल्क लहानखुरी, ताठ, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी बाई होती. औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये चाळीस वर्षं काम केलेलं, त्यामुळे बोलणं मोजूनमापून. मुलगा कॅलिफोर्नियात. तिनं उत्तरानं दिलेला फोटो टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. उत्तराला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. ती म्हणाली, माशांच्या टोपलीत एक शिंपला आहे, मी रोज पियानोचा रियाज करताना तो मोजायचे, एकच असला तरी. मग तिनं चित्र कुणाकडे आहे ते विचारलं आणि उत्तरानं सगळं सांगितलं, डॉक्टर, काकू, खुर्ची, संध्याकाळ, सगळं. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण रदबदली करतो आहोत. बाईंनी ऐकलं. चहा ओतला. नंतर त्या जे बोलल्या ते उत्तराला पुढे कितीतरी दिवस, गाडी चालवताना, भांडी घासताना, जसंच्या तसं ऐकू येत राहिलं. चित्र त्यांच्या घरात आलं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. व्हिएन्नात बँक बुडाली होती, त्यांच्याच रस्त्यावर राहणाऱ्या, त्या बँकेतल्या एका सद्गृहस्थानं जीव दिला होता, आणि त्याच्या विधवेनं घर रिकामं केलं. वडिलांनी चित्र तिच्याकडून घेतलं. त्या रात्री जेवताना वडील फार खुशीत होते, त्यांनी आईला हसवलं. मग थोड्या दिवसांनी ती विधवा आली. तिला चित्र परत नको होतं. फक्त एकदा बघायचं होतं. "बाबांनी मोलकरणीला सांगायला लावलं, घरी कुणी नाही. मी वरच्या पायरीवरून बघत होते. ती बाई दारासमोर उभी राहिली, टोपी नीट केली आणि गेली. सात वर्षांनी आमच्या दाराशी माणसं आली तेव्हा मला आधी तीच आठवली." त्या थांबल्या. "आयुष्यभर मला वाटत आलं, बाबांच्या जागी मी असते तर दार उघडलं असतं. आता तू आली आहेस, एका आजारी बाईसाठी. मी म्हणायला हवं की राहू दे तिच्याकडे. मला ते म्हणता येत नाही. मला ते इथे हवंय. मला घेऊन ये."

परतल्यावर तिनं डॉक्टरांना सांगितलं. मला न विचारता गेलीस, एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला आपण त्यांच्या घराच्या दोन खोल्यांत पुन्हा उभ्या आहोत असं वाटलं, हातात बोचकं घेऊन. नंतर ते नॉर्मल झाले. देऊ म्हणाले. वकिलाशी बोलतो, पेपर्स होऊ देत, जरा दम धर. एप्रिलमध्ये काकूंना न्यूमोनिया झाला, त्यातून त्या उठल्या. मेमध्ये वकील सुट्टीवर गेला. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. ते रोज सकाळी खरोखर द्यायचं ठरवत असावेत आणि रोज संध्याकाळी काकूंना खुर्चीत शांत बसलेलं बघत असावेत. एल्सा फाल्क दर रविवारी उत्तराला फोन करत. चित्राचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. हवा कशी आहे विचारत, आणि मग विचारत, "त्या बाई कशा आहेत?" आहेत, बऱ्या आहेत, उत्तरा सांगायची. त्या प्रश्नाचा अर्थ दोघींना माहीत होता. दोघींनाही लाज वाटत होती आणि दोघीही पुढच्या रविवारी पुन्हा तेच बोलत होत्या. ह्यूस्टनचा उन्हाळा चढत गेला. घरातून गाडीत, गाडीतून म्युझियमच्या तळघरात, थंडातून थंडात. मधल्या दहा पावलांत अंगाला हवा चिकटायची. तिला रात्री झोप लागेना. तिला वाटायचं, सरदार, लॉर्ड, बँकवाला, त्याची विधवा, फाल्क, मोकाशी हे सगळे एका रांगेत उभे आहेत, आणि प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खिशात नसून खांद्यावर आहे, फार प्रेमानं ठेवलेला. ऑगस्टमध्ये एका रविवारी फोन आला नाही. तिनं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतः लावला. उचलला तो मुलानं. आई गुरुवारी गेली म्हणाला. हृदय. मग त्यानं अतिशय सौजन्यानं तिचं नाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर म्हणाला, हो, तुमच्याबद्दल सांगितलंय तिनं.

मुलानं दिरंगाई केली नाही. त्याला चित्र ठेवायचं नव्हतं, त्याच्या घराला काचेच्याच भिंती आहेत असं तो म्हणाला, आणि त्यात काही वाईटही नव्हतं. त्यानं ते न्यूयॉर्कला लिलावात द्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी आता एका सहीत सगळं मोकळं केलं, जणू ज्याच्याशी झगडत होते तो समोरून उठून गेला होता. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मालवाहतूक करणाऱ्या कंपनीचे दोघे आले. हातमोजे, फोमचं अस्तर लावलेली पेटी. डॉक्टरांनी उत्तराला बोलावून घेतलं होतं, काकूंना सांभाळायला. काकूंनी आरडाओरडा केला तर द्यायला इंजेक्शन त्यांनी भरून ठेवलं होतं, ट्रेमध्ये, नॅपकिनखाली. माणसांनी चित्र उतरवलं, पेटीत ठेवलं, झाकणाला स्क्रू लावले. काकू खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्यातला एक जाताना त्यांना 'हॅव अ गुड वन, मॅम' म्हणाला आणि त्या हसल्या. भिंतीवर रंग न उडालेला एक चौकोन उरला. उत्तरानं काकूंचा हात धरून ठेवला होता. कधी तो थरथरेल याची ती वाट बघत होती.

आठवड्यानं डॉक्टरांनी तिला संध्याकाळी ये म्हणून सांगितलं. यशोधन गाडी पार्क करत होता, ती एकटीच आत गेली. दिवे लावले नव्हते. काकू खुर्चीत होत्या, समोरच्या चौकोनाकडे तोंड करून, हात मांडीवर, शांत. काहीतरी पुटपुटत होत्या. ती जवळ जाऊन उभी राहिली. काकू भिंतीला काही विचारत होत्या, मग उत्तर ऐकल्यासारखी मान हलवत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच समाधान होतं जे गेली दोन वर्षं होतं. डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"रोज अशीच बसते," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मी खुर्ची खिडकीकडे फिरवून बघितली. पडद्याकडे बघून बोलली." ते जरा थांबले. "तिला ते दिसतच नव्हतं गं. केव्हापासून दिसत नव्हतं, कुणास ठाऊक."

उत्तरा स्टुलावर बसली. डॉक्टर पुढे आले, त्यांनी दिवा लावायला हात वर केला आणि लावला नाही. मोठ्या डॉक्टरला शोभेल अशा हलक्या, शहाण्या आवाजात त्यांनी तिला विचारलं, ज्या आवाजात ते नातेवाइकांना प्रश्न विचारत असतील:

"त्या फाल्क बाईंना... कळत होतं का, आपण सगळे कशाची वाट बघतोय ते? शेवटपर्यंत?"

गाडीत येताना तिनं ठरवलं होतं, की काका काहीही विचारोत, आज त्यांना बरं वाटेल असंच बोलायचं. तिनं काकूंचा हात हातात घेतला. तो गरम होता, कोरडा होता, आणि त्याला तिची ओळख नव्हती.

"हो काका," ती म्हणाली. "सगळं कळत होतं."